नाकाची वाट

नाक दाबलें कीं तोंड उघडतें, ही म्हण मराठींत हट्टी माणसास वठणीवर आणण्याच्या संदर्भांत वापरली जाते. परंतु ती ज्या अनुभवावर उभी आहे, तो अनुभव शरीराचा आहे. श्वासाची खरी वाट नाक ही होय. ती बंद झाली, म्हणजे जीव वांचविण्यासाठीं तोंड ही आडवाट उघडते. जागेपणीं ही अदलाबदल तत्काळ ध्यानांत येते. झोंपेंत मात्र ती नकळत घडते, आणि सकाळीं घसा कोरडा, जीभ टाळ्याला चिकटलेली, डोकें जड, अशा खुणा तेवढ्या मागें राहतात.

अलीकडील कांहीं वर्षांत या आडवाटेचा बंदोबस्त करण्याचा एक उपाय पाश्चात्त्य देशांतून आपल्या शहरी घरांत येऊं लागला आहे. निजण्यापूर्वीं ओंठांवर चिकटपट्टी लावावयाची, म्हणजे रात्रभर श्वास नाकानेंच चालेल, घोरणें थांबेल व झोंप गाढ लागेल, असें त्याचें स्वरूप आहे. कित्येकांस तो नवा शोध वाटतो; कित्येकांस तो आपल्या प्राणायामाचाच परदेश फिरून आलेला अवतार वाटतो. या दोन्ही समजुती इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाहींत. नाकानें श्वास घ्यावा हा उपदेश फार जुना आहे. पण आपल्याकडे ज्यांनीं तो दिला, त्यांनीं तोंड मिटण्यास सांगण्यापूर्वीं नाक मोकळें करण्यास सांगितलें होतें. सगळें मर्म या क्रमांत आहे.

मुंबईहून सोलापुराकडे जाणारा लोहमार्ग घाट चढून लोणावळ्यास येतो, आणि पुढें पुणें, दौंड, जेऊर हीं ठाणीं मागें टाकून केमवरून कुर्डुवाडीस पोहोंचतो. या मार्गावरील दोन गांवांचा प्रस्तुत विषयाशीं संबंध जोडतां येतो. त्यांपैकीं केम हें करमाळा तालुक्यांतील गांव कुंकवासाठीं महाराष्ट्रांत प्रसिद्ध आहे. हळदीच्या किंवा कुंकवाच्या भुकटीशीं ज्याचा रोजचा संबंध, त्यास नाकाचा उपयोग पुस्तकांतून शिकावा लागत नाहीं. हवेंत उडालेली पूड नाकांत अडते, शिंक येते, आणि नाक शिंकरलें म्हणजे रुमालावर तिचा रंग उमटतो. तोंड उघडें असेल, तर तीच पूड सरळ घशांत उतरते व ठसका लागतो. त्यांतून हा भाग कमी पावसाचा. उन्हाळ्यांतील तेथला वारा कोरडा आणि धुळीचा. अंगणांत वा गच्चीवर तोंड उघडें टाकून निजणाऱ्यास पहांटे पाण्याचा तांब्या शोधावा लागतो, याचें कारण हेंच.

नाक हें केवळ हवेचें नळकांडें नाहीं. प्रत्येक नाकपुडीच्या आंत, बाहेरच्या भिंतीवर, पन्हळीसारखीं वळलेलीं तीन हाडें आहेत. त्यांवरील ओलसर अस्तरांत रक्ताचा पुरवठा विपुल असतो. त्या वळणांतून जातांना हवा गरम व दमट होते आणि घशापर्यंत येईतों शरीराच्या उष्णतेच्या जवळपास पोहोंचते. मोठे कण नाकाच्या दारांतील केंसांत अडकतात. बारीक कण चिकट श्लेष्म्यांत रुततात, आणि अस्तरावरील अति सूक्ष्म लव तो श्लेष्मा एकसारखी घशाकडे ढकलीत असते. याशिवाय दोन्ही नाकपुड्या सर्वकाळ सारख्या वाहत नाहींत. कांहीं तास एक मोकळी असते व दुसरी किंचित् मिटते; नंतर पाळी बदलते. आपल्या स्वरशास्त्रानें हा पालट चंद्रस्वर व सूर्यस्वर या नांवांनीं फार पूर्वीं ओळखला होता; युरोपीय वैद्यकांत त्याचें पद्धतशीर वर्णन रिचर्ड कायसर या जर्मन डॉक्टरानें १८९५ सालीं केलें. स्वरशास्त्रानें त्या पालटावर शकुनांचा जो डोलारा उभारला, तो सोडून द्यावा. परंतु मुळांतलें निरीक्षण खरें होतें, हें मान्य केलें पाहिजे.

आपल्या प्राचीन ग्रंथांत नाकाला मोठा मान आहे. कुंकू जेथें लावतात, त्या भुवयांमधील जागीं दृष्टि स्थिर करून नाकांतून वाहणारे प्राण व अपान सम करावे, असा उपदेश भगवद्गीतेच्या पांचव्या अध्यायांत आला आहे. वाग्भटानें नाक हें मस्तकाचें द्वार मानलें. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत दिनचर्येचा विचार करतांना नाकांत औषधी तेल सोडण्याचा, म्हणजे नस्याचा, विधि दिला असून त्यासाठीं अणुतैलाची कृतिही सांगितली आहे. पुढें हठयोगाच्या ग्रंथांत शरीरशुद्धीच्या सहा क्रिया आल्या. त्यांत नेति ही नाकाची शुद्धि होय. मूळ ग्रंथांत ती सूत नाकांतून घालून तोंडावाटें काढण्याची क्रिया आहे. कोमट खारट पाणी एका नाकपुडींतून घेऊन दुसरींतून सोडण्याची जलनेति आजच्या योगवर्गांत अधिक रूढ आहे.

स्वात्मारामाच्या हठप्रदीपिकेंत उज्जायी प्राणायाम सांगतांना तोंड मिटून दोन्ही नाकपुड्यांनीं श्वास ओढावा, असें म्हटलें आहे. इतकेंच नव्हे, तर सीत्कारी व शीतली या ज्या दोन प्रकारांत हवा तोंडानें आंत घ्यावयाची असते, त्यांतही ती बाहेर सोडावयाची नाकानेंच. परंतु येथें दोन गोष्टी विसरतां कामा नयेत. पहिली अशी कीं, मेद व कफ ज्याच्या ठिकाणीं अधिक आहे, त्यानें आधीं शुद्धिक्रिया कराव्या व मग प्राणायामास लागावें, असा त्याच ग्रंथाचा क्रम आहे. दुसरी अशी कीं, हें सर्व जागेपणाचें आहे. साधक बसलेला असतो, सावध असतो. जीव गुदमरूं लागला तर तो त्याच क्षणीं तोंड उघडतो. मनानें मिटलेलें तोंड आणि चिकटपट्टीनें मिटलेलें तोंड यांत हा मोठा भेद आहे.

झोंपेंत तोंड मिटावें, हा आग्रह स्वतंत्रपणें धरणारा पहिला प्रसिद्ध लेखक पश्चिमेचा आहे, आणि तो वैद्य नव्हता, चित्रकार होता. जॉर्ज कॅटलिन हा १७९६ सालीं अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया प्रांतांत जन्मला. तेथील मूळच्या रहिवाशांच्या अनेक जमातींत फिरून त्यानें त्यांचीं चित्रें काढलीं, आणि त्यांवरच त्याची कीर्ति आजही आहे. या प्रवासांत त्याच्या असें दृष्टीस पडलें कीं, त्या स्त्रिया तान्ह्या मुलास निजवितांना त्याचे ओंठ बोटांनीं हलकेच मिटवितात, आणि ती संवय त्या मुलास जन्मभर राहते. कॅटलिन स्वतः लहानपणापासून तोंड उघडें टाकून निजणारा होता व त्याचे परिणाम त्यानें भोगले होते. त्यानें निश्चयानें ती खोड मोडली. १८६२ सालीं त्यानें या विषयावर एक छोटें पुस्तक लिहिलें. पुढील आवृत्तीस त्यानें जें नांव दिलें, त्याचा आशय ‘तोंड मिटा आणि जीव वांचवा’ असा होता. रहिवाशांचें आरोग्य व युरोपीयांचे रोग यांतील सर्व अंतर त्यानें एका श्वासाच्या माथीं मारलें. ही अतिशयोक्ति होय. परंतु मातेच्या बोटांनीं मिटलेले ओंठ गरज पडतांच उघडूं शकतात, ही गोष्ट त्याच्या कथेंतही जशीच्या तशी आहे.

कॅटलिननें उत्साहानें सांगितलें. पण मोजलें नाहीं. श्वासाच्या जुन्या उपदेशास मोजमापाची शिस्त लावण्याचें काम ज्या थोड्या लोकांनीं आरंभिलें, त्यांत एका महाराष्ट्रीय शिक्षकाचें स्थान फार वरचें आहे. केमवरून जाणाऱ्या त्याच लोहमार्गावरील दुसरें गांव, लोणावळें, हें त्याचें कार्यक्षेत्र.

जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजीं बडोद्याजवळील डभोई येथें झाला. संस्कृताचे ते चांगले विद्यार्थी होते. बडोद्यास राजरत्न माणिकराव यांच्या आखाड्यांत त्यांनीं भारतीय व्यायामाचें शिक्षण घेतलें, आणि पुढें खानदेशांतील अमळनेर येथें अध्यापन केलें. नर्मदाकांठीं मालसर येथें परमहंस माधवदासजी यांच्याकडे त्यांना योगाचें शिक्षण मिळालें. येथपर्यंतची वाट त्या काळच्या अनेक ध्येयवादी तरुणांसारखीच होती. पुढील वळण मात्र निराळें आहे. योगाच्या क्रियांनीं शरीरांत जें घडतें म्हणून सांगतात, तें खरोखर घडतें काय, हा प्रश्न त्यांनीं विचारला. आणि त्याचें उत्तर श्रद्धेकडून न मागतां यंत्राकडून मागितलें. १९२४ सालीं त्यांनीं लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था स्थापिली आणि त्याच वर्षीं ‘योगमीमांसा’ हें नियतकालिक सुरू केलें. स्वामी कुवलयानंद या नांवानें ते पुढें सर्वत्र ओळखले गेले.

या नियतकालिकाच्या आरंभींच्या अंकांत उड्डियान व नौलि या पोटाच्या क्रियांचे क्ष-किरणांच्या साहाय्यानें केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. नौलि करतांना मोठ्या आंतड्यांतील दाब बाहेरच्या हवेहून कमी होतो, हें त्यांनीं मोजून दाखविलें, आणि या निर्वात स्थितीस आपल्या गुरूंचें नांव दिलें. ज्या क्रियेनें पाणी शरीरांत वर ओढलें जातें, ती चमत्कार नसून दाबाचा खेळ आहे, असें त्यामुळें सिद्ध झालें. त्यांत योगाची अवहेलना नव्हती; उलट त्यास विश्वासार्हता आली.

श्वासाच्या बाबतींत तर त्यांच्या सचोटीची खरी परीक्षा झाली. प्राणायामानें फुप्फुसांत प्राणवायूचा मोठा सांठा होतो, व हाच त्याचा मुख्य लाभ, अशी समजूत त्या वेळीं सुशिक्षितांत रूढ होती. अजूनही ती नाहींशी झालेली नाहीं. कुवलयानंदांनीं उच्छ्वासांतील वायूंचें पृथक्करण करून पाहिलें, आणि त्यांचा निष्कर्ष या समजुतीच्या विरुद्ध गेला. प्राणायामाचें महत्त्व अधिक प्राणवायु मिळण्यांत नसून मज्जासंस्था, छातींतील व पोटांतील दाब, आणि श्वासावर येणारा ताबा यांत शोधलें पाहिजे, असें त्यांनीं प्रतिपादिलें. ज्यानें सारें आयुष्य प्राणायामाच्या प्रचारास वाहिलें, त्यानेंच त्याचें सर्वांत लोकप्रिय समर्थन खोडून काढावें, याला मनाचा मोठेपणा लागतो. त्यांचें ‘प्राणायाम’ हें पुस्तक १९३१ सालीं प्रसिद्ध झालें. श्वासावर कोठेंही जबरदस्ती होऊं नये, ही त्यांच्या शिकवणींतील मुख्य अट होती. १८ एप्रिल १९६६ रोजीं ते निवर्तले. त्यांच्या संस्थेस २०२४ सालीं शंभर वर्षें पूर्ण झालीं.

आतां झोंपेकडे वळावें. तोंडानें श्वास घेणें ही पुष्कळदां खोड नसून लक्षण असतें, ही गोष्ट वैद्यकाच्या ध्यानांत कॅटलिनच्या पुस्तकानंतर थोड्याच वर्षांत आली. कोपनहेगन येथील विल्हेल्म मायर या डॉक्टरानें १८६८ सालीं नाकाच्या मागें, घशाच्या वरच्या भागांत वाढणाऱ्या मांसल गांठींचें वर्णन केलें. ज्यांस त्या गांठी फार वाढतात, त्या मुलांचें तोंड सदा उघडें, बोलणें गेंगाणें, कान मंद, असें त्यानें पाहिलें. शाळेंत अशा मुलास आळशी वा मठ्ठ ठरवून मोकळें होण्याची रीत सर्व देशांत होती. त्या मुलास रात्रीची झोंप नीट मिळत नाहीं व कानानें कमी ऐकूं येतें, हें ज्या शिक्षकास कळलें, त्याची छडी आपोआप खालीं आली असेल. अशा मुलाच्या तोंडावर पट्टी लावणें म्हणजे दार भिंतीनें बुजलें असतां खिडकीही लावून घेणें होय.

मोठ्या माणसांच्या घोरण्याचीही अशीच उपेक्षा झाली. कुंभकर्णाच्या गोष्टीपासून तमाशांतील सोंगापर्यंत घोरणें हा हंशाचा विषय राहिला. १९६५ सालीं फ्रान्स व जर्मनी या देशांतील संशोधकांनीं निरनिराळें काम करून असें दाखविलें कीं, कित्येक घोरणाऱ्यांचा श्वास झोंपेंत वारंवार थांबतो. झोंप लागली म्हणजे घशाचे स्नायु सैल पडतात, जीभ मागें येते, आणि हवेची वाट मिटते. दहा सेकंद, कधीं त्याहूनही अधिक काळ श्वास अडतो. मग मेंदु दचकून जागा होतो, मोठा घोर ऐकूं येतो, आणि पुनः तेंच चक्र सुरू होतें. माणसास याची आठवण राहत नाहीं. तो दिवसा पेंगतो, चिडतो, आणि त्याचा रक्तदाब वाढतो. या विकारास निद्राश्वासरोध असें म्हणतां येईल. १९८१ सालीं ऑस्ट्रेलियांत कॉलिन सलिव्हन यांनीं त्यावर जो उपाय प्रसिद्ध केला, तो येथें लक्षांत घेण्याजोगा आहे. त्यांनीं तोंड बंद केलें नाहीं. नाकावाटें सौम्य दाबाची हवा सोडून घशाची वाट आंतून उघडी ठेवली. आज सर्व जगांत या पद्धतीचीं यंत्रें वापरलीं जातात.

नाकाचा पक्ष पुढील काळांत अधिक बळकट झाला. १९९५ सालीं स्वीडनमधील संशोधकांनीं असें दाखविलें कीं, नाकाभोंवतालच्या हाडांतील पोकळ्यांत नायट्रिक ऑक्साइड हा वायु मोठ्या प्रमाणांत तयार होतो व नाकानें घेतलेल्या श्वासाबरोबर फुप्फुसांत जातो. रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या याच वायूच्या शोधाबद्दल तिघां अमेरिकन शास्त्रज्ञांस १९९८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें होतें. २००२ सालीं असेंही आढळलें कीं, ओंठ मिटून गुणगुणल्यास नाकांतील या वायूचें प्रमाण सुमारें १५ पट होतें. भ्रामरी करणाऱ्यांस हें ऐकून समाधान वाटेल, परंतु त्यावरून लगेच मोठे दावे करूं नयेत. झोंपेच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाचा प्रयोग २००३ सालचा आहे. १२ निरोगी माणसांस एकदां केवळ नाकानें व एकदां केवळ तोंडानें श्वास घेत निजविलें असतां, तोंडाच्या श्वासांत घशांतील अडथळा कितीतरी वाढला व श्वास वारंवार अडूं लागला. तात्पर्य, मोकळ्या नाकाचा माणूस नाकानेंच श्वास घेऊन निजला, तर त्याची झोंप बरी, यांत आतां संशय उरलेला नाहीं.

मग ओंठांवर पट्टी लावण्यास हरकत कोणती? येथें कुवलयानंदांचाच प्रश्न विचारावयास हवा: मोजलें काय? मोजमापें थोडीं आहेत. १९५०च्या सुमारास रशियांत डॉ. बुटेयको यांनीं नाकाच्या मंद श्वासाची जी पद्धति बसविली, तिच्या अनुयायांनीं पट्टीचा प्रसार केला. आणि २०२० नंतर ती मोठ्या प्रमाणावर फॅशन झाली. २०२२ सालीं तैवानांतील एका लहानशा अभ्यासांत सौम्य निद्राश्वासरोध असलेल्या २० माणसांस पट्टी लावून पाहिलें. त्यांचें घोरणें व श्वास अडण्याची संख्या कमी झाली. परंतु नाक ज्यांचें फार चोंदलेलें, अशांस त्यांत घेतलें नव्हतें. २०२४ सालीं अमेरिकेंत ५४ रुग्णांवर असें दिसलें कीं, झोंपेंत तोंड मिटविल्यास पुष्कळांचा वायुप्रवाह सुधारतो. पण जे मुख्यतः तोंडावरच अवलंबून होते, त्यांचा उलट घटतो. २०२५ सालीं कॅनडांतील संशोधकांनीं तोंवरचे १० अभ्यास, म्हणजे एकूण २१३ माणसांवरील अनुभव, एकत्र तपासले. बहुतेक अभ्यासांत ठळक लाभ आढळला नाहीं, आणि ज्याचें नाक बंद आहे त्यास गुदमरण्याचा धोका कांहीं अभ्यासकांनीं स्पष्ट नोंदविला होता.

ज्याची आडवाट बंद केली तर त्रास होत नाहीं, त्यास त्या बंदोबस्ताची फारशी गरज नसते. आणि ज्यास आडवाटेवांचून गत्यंतर नाहीं, त्यास तो बंदोबस्त घातक ठरूं शकतो. ओकारी येणें, मद्य अथवा झोंपेचें औषध घेतलेलें असणें, पडशानें नाक चोंदलेलें असणें, अशा प्रसंगीं तर उघडूं शकणारें तोंड हाच जीवाचा रखवालदार असतो. लहान मुलांच्या बाबतींत हा प्रयोग घरच्या घरीं कधींच करूं नये.

घरांत कोणी तोंड उघडें टाकून निजत असेल, घोरत असेल, तर पहिला प्रश्न तोंडाचा नसून नाकाचा आहे. नाकाचा पडदा वांकडा आहे काय, सर्दी कायमची झाली आहे काय, मुलाच्या नाकामागें गांठ वाढली आहे काय, हें नाक, कान व घसा यांच्या डॉक्टरास दाखवावें. झोंपेंत श्वास थांबतांना कोणी पाहिलें असेल, तर तें हंशावारी न नेतां रुग्णालयांत झोंपेची तपासणी करून घ्यावी. वजन आटोक्यांत ठेवणें, कुशीवर निजणें, रात्रीं मद्य टाळणें, हे साधे उपाय कित्येकांस पुरतात. जलनेति करावयाची असल्यास पाणी उकळून निवविलेलें असावें. नळाचें तसेंच वापरल्यास क्वचित् प्रसंगीं जीवघेणा संसर्ग झाल्याचीं उदाहरणें आहेत. दिवसा, जागेपणीं, तोंड मिटून संथ श्वास घेण्याची संवय मात्र कोणीही लावून घ्यावी. तिला ना पैसा लागतो, ना पट्टी.

चरकाचें नस्य, हठयोग्यांची नेति, कुवलयानंदांचीं मापें आणि सलिव्हनचें यंत्र यांच्यांत शतकांचें अंतर आहे. तरी चौघांनीं केलेलें काम एका जातीचें आहे. प्रत्येकानें हवेची बंद वाट उघडली वा तिची खरी पारख केली. दुसरी वाट बुजविण्यावर कोणाचीही भिस्त नव्हती. नाक दाबलें कीं तोंड उघडतें, हें म्हणीनें सांगितलेंच आहे. नाक मोकळें झालें म्हणजे तोंड पुष्कळदां आपोआप मिटतें, हा त्याच म्हणीचा दुसरा अर्धा भाग होय.